न भरलेली परिषद

डे मॉइन, आयोवा
५ मार्च १९०७

श्री. ऑरिन थॉर्नगेट,
डॉल्टन फेरी, ऑरेगॉन

महोदय,

आयोवाच्या विधिमंडळात ठरावांच्या अंतिम प्रती लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. वॉशिंग्टनचे सिनेटर आमदारांनी न निवडता थेट जनतेने निवडावेत, आणि ही दुरुस्ती सुचवण्यासाठी राज्यांची परिषद बोलवावी, अशी मागणी करणारा ठराव आमच्याकडे सध्या चर्चेत आहे. नमुन्यासाठी समितीने इतर राज्यांचे जुने ठराव मागवले. त्यात ऑरेगॉनचा १९०३ चा ठराव आहे. सोबतच्या छापील प्रतीवर तेव्हाचे आमदार म्हणून आपली सही आहे.

शंका एवढीच, की त्या प्रतीत काँग्रेसने परिषद बोलवावी अशी 'विनंती' केली आहे. घटनेच्या पाचव्या कलमानुसार दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली, तर काँग्रेसला परिषद बोलवावीच लागते. तिथे मर्जीचा प्रश्न नाही. मग 'विनंती' कशाला? मी समितीला विचारलं तर उत्तर मिळालं, "बाई, शब्द तुमचे, मतं आमची." म्हणून आपल्याला तसदी देते आहे.

आपली,
एल. प्रेदर


डॉल्टन फेरी, ऑरेगॉन
१६ मार्च १९०७

मिस प्रेदर यांस,

चूक छापखान्याची आहे आणि छापखाना माझा आहे. तेव्हा शिव्या बरोबर पत्त्यावर आल्या. 'विनंती' खोडून टाका. आमदारकी गेल्यापासून मी इथे एक साप्ताहिक छापतो. त्यातही दर आठवड्याला अशी एक चूक असतेच. वाचक ती शोधायला म्हणूनच अंक घेतात.

आम्ही विनंत्या करून थकलो आहोत. खालच्या सभागृहाने ही दुरुस्ती कितीदा तरी मंजूर केली, पण सिनेट ती टेबलाच्या खणात टाकून देते. चोराच्या हाती किल्ल्या द्यायच्या आणि वर त्यालाच सांगायचं, बाबा रे, कुलूप बदल! सत्त्याण्णव साली सिनेटर कोण होणार या भांडणात आमचं सभागृह चाळीस दिवस कामाला बसलंच नाही. ना रस्ता, ना शाळा, ना पूल. म्हणून दुसरं दार ठोठवायचं. येऊ घातलेलं नवं राज्य धरून होणाऱ्या शेहेचाळीस राज्यांपैकी एकतीस राज्यांनी मागणी केली, की सिनेटला विचारायचं कारणच उरत नाही.

आता माझी एक शंका. ही 'एल' म्हणजे लव्हिनिया का? सहीचं शेवटचं अक्षर असं वर उडवायची खोड मी ओळखतो. बेलफोर्डच्या शाळेत त्यापायी मास्तरांनी तुमच्या बोटांवर पट्टी मारली होती. पुढच्या बाकावर मीच होतो. तुमचे वडील, न्यायाधीशसाहेब, कसे आहेत?

आपला,
ऑरिन थॉर्नगेट


डे मॉइन
२ एप्रिल १९०७

श्री. थॉर्नगेट,

'एल' म्हणजे लव्हिनियाच. तुम्ही सही ओळखाल असं वाटलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण मग सही दोनदा गिरवून का केली, याचं उत्तर देता आलं नसतं.

बाबा आता नाहीत. मी इथे विधवा बायकांच्या एका खाणावळीत वरच्या मजल्यावर राहते. विधवा नसलेली मी एकटीच. भाजलेलं मांस चामड्यासारखं असतं, पण खिडकीतून विधानभवनाचा सोनेरी घुमट दिसतो.

आमचा ठराव मंजूर झाला. एक म्हातारे आमदार उठून म्हणाले, "सतराशे सत्याऐंशी साली फिलाडेल्फियात जमले होते ते जुन्या कायद्याला ठिगळं लावायला, आणि उठले नवीच घटना शिवून! परत तसंच झालं म्हणजे?" त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दाजी, परिषद नुसतं सुचवणार. तीन-चतुर्थांश राज्यांनी हो म्हटल्याशिवाय तिथला स्वल्पविरामसुद्धा हलत नाही." सगळे हसले. प्रत लिहिताना मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. परिषद भरली तर भरेल कुठे? कलमात जागेचं नाव नाही, माणसं किती तेही नाही. एकशेवीस वर्षांत ती एकदाही भरलेली नाही.

तुमच्या घरी कोण कोण असतं?

लव्हिनिया प्रेदर


डॉल्टन फेरी
२१ एप्रिल १९०७

विनी,

एवढ्या वर्षांनी 'तुम्ही' लिहिताना हात अडखळतो. राग आला तर हे पत्र फाड आणि पुढच्यात मला 'महोदय' म्हण.

घरी मी आणि माझी मुलगी आयडा. ती चौदा वर्षांची आहे. तिची आई क्लारा चार वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली. चांगली बाई होती. मी तिला कधी दुःख दिलं नाही, आणि याहून जास्त काही दिलं असंही म्हणवत नाही.

परिषद कुठे भरेल? मला विचारशील तर वायोमिंगमधल्या शायेनला. तुझ्या-माझ्या वाटेवर आहे आणि वारा एवढा, की लांबलचक भाषण कुणी करू शकणार नाही. ऑरेगॉनचा प्रतिनिधी म्हणून मी जाणारच. परिषदेला लेखनिक लागतील, आणि स्वल्पविरामावर तुझ्यासारखी नजर या देशात दुसऱ्या कुणाची नाही. तू येशील?

शहाऐंशी साली बेलफोर्डच्या स्टेशनवर मी तुला हेच विचारलं होतं. तू म्हणालीस, "बाबांना दिसत नाही, ऑरिन." त्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, मग गाडी आली. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आता सत्तेचाळीसचा आहे, आणि अजूनही मला काही सुचलेलं नाही.

ऑरिन


डे मॉइन
९ मे १९०७

ऑरिन,

पत्र फाडलं नाही.

तुला सुचलं नाही म्हणतोस, पण मला ठाऊक होतं तू काय म्हणायला हवं होतंस. 'मी थांबतो.' दोनच शब्द. थांबू नकोस असं मीच म्हणाले असते, पण ते म्हणायची संधी मला मिळायला हवी होती. असो. वीस वर्षांपूर्वीच्या कामकाजात आता दुरुस्ती होत नाही.

परिषद भरली की येईन. लेखनिक म्हणून येईन. शायेन चालेल.

आयडाला सांग, तिच्या बापाने शाळेत माझ्या दप्तरात एकदा जिवंत बेडूक ठेवला होता.

विनी


डॉल्टन फेरी
१२ डिसेंबर १९०९

विनी,

तीस! नाताळच्या आधीच ही भेट घे. काल रात्रीच्या जेवणानंतर आयडाने आणि मी टेबलावर सगळे कागद पसरून मोजले. मागणी केलेली राज्यं तीस झाली, आता एकच राहिलं. अडीच वर्षं मी दर रविवारी देशभरच्या आमदारांना पत्रं लिहितो आहे. आयडा म्हणते, "बाबा, तुमच्या तिकिटांना जीभ लावून लावून मला आता सगळ्या पदार्थांना डिंकाची चव लागते."

एकच राज्य, विनी. कुठलंतरी एक विधिमंडळ एखाद्या कंटाळवाण्या दुपारी हात वर करेल आणि आपल्याला निघावं लागेल. मी नवा कोट शिवायला टाकला आहे. शिंपी विचारत होता, "लग्न का?" मी म्हटलं, "घटनादुरुस्ती." त्याने खिसे जरा जास्त ठेवले.

ऑरिन


डे मॉइन
८ जानेवारी १९१०

प्रिय ऑरिन,

हे पत्र चार वेळा लिहिलं.

तीस नाहीत, सत्तावीस आहेत. तू पाठवलेली यादी मी मूळ ठरावांशी ताडून पाहिली. यादी परत पाठवते आहे, तिच्यात मी खुणा केलेल्या तिन्ही राज्यांनी परिषद मागितलेलीच नाही. काँग्रेसने स्वतःच दुरुस्ती सुचवावी, एवढंच म्हटलंय. ते पहिलं दार झालं, दुसरं नव्हे. त्यांना आपल्यात धरता येणार नाही. धरलं तर वॉशिंग्टनमधला एखादा कारकून अर्ध्या तासात पकडेल.

तुला ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही. तू छापखानेवाला आहेस. दिसलं असेल आणि तू मान दुसरीकडे वळवली असशील. तुला दोष देत नाही. यादी ताडायला बसताना मी चष्मा मुद्दाम खोलीत विसरून आले होते. मलाही तीसच हवे होते.

कोट शिवून घे. चार राज्यं म्हणजे फार नाहीत.

तुझी,
विनी


डॉल्टन फेरी
२० फेब्रुवारी १९१२

विनी,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. काय लिहू? न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही दोन नवी राज्यं झाली. गावात बँड वाजला. मी घरी बसून भागाकार केला. अठ्ठेचाळीस राज्यांचे दोन-तृतीयांश म्हणजे बत्तीस. आपण धावतो आहोत आणि शर्यतीची रेघ कुणीतरी उचलून पुढे नेतं आहे.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. सिनेट घाबरली आहे. परिषद खरोखर भरली तर ती आणखी काय काय बदलेल, या धास्तीने गेल्या जूनमध्ये सिनेटने आपणहून ही दुरुस्ती मंजूर केली. आता दोन्ही सभागृहांचं शब्दांवरून अडलंय, ते सुटलं की झालं. पहिलं दार आतून उघडणार, आणि ते उघडलं की आपलं दार ठोठवायला कोण येणार?

ज्याच्यासाठी दहा वर्षं घसा फोडला ते आता होणार. आणि ते होऊ नये म्हणून मी, ऑरिन थॉर्नगेट, मनातल्या मनात देवाची विनवणी करतो आहे. हे छापता येणार नाही, म्हणून तुला लिहितो.

ऑरिन


डे मॉइन
१५ मे १९१२

प्रिय ऑरिन,

परवा खालच्या सभागृहानेही मान्यता दिली. आता दुरुस्ती राज्यांकडे येईल. छत्तीस राज्यांनी हो म्हटलं की झालं, आणि ती म्हणतीलच. आमच्या कचेरीत लोकांनी टोप्या उडवल्या. मुख्य लेखनिक मला म्हणाला, "मिस प्रेदर, तुमचा विजय झाला, हसा की जरा!" मी हसले.

अभिनंदन. तुझ्या रविवारच्या पत्रांनी त्यांना घाबरवलं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलं जाणार नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.

परिषद आता भरणार नाही. तर मग पुढे काय, ते तू सांग.

विनी


डॉल्टन फेरी
१० जून १९१२

प्रिय मिस लव्हिनिया,

पत्र पोचलं. अभिनंदनाबद्दल आभार. छापखान्यात काम फार आहे. आयडाचं शिक्षिकेचं शिक्षण सुरू झालं. पेअरची फळं यंदा लहान आहेत.

प्रकृतीची काळजी घ्यावी.

आपला,
ओ. थॉर्नगेट


डे मॉइन
२ जुलै १९१२

श्री. थॉर्नगेट,

पाच वर्षांत तुम्ही मला टाइपरायटरवर कधी लिहिलं नव्हतं. कचेरीत आम्ही ज्यांना टाळायचं असतं त्यांना असंच लिहितो, आणि सही तीसुद्धा टाइप केलेली! पेअरची फळं लहान आहेत हे वाचून वाईट वाटलं.

तुम्हाला परिषद हवी होती, मला वाटलं होतं निमित्त हवंय. माझी वाचण्यात चूक झाली. चुका पकडण्याचा मला पगार मिळतो, तेव्हा ही माझ्याच नावावर मांडते.

उत्तराची तसदी घेऊ नये.

एल. प्रेदर


डॉल्टन फेरी
५ जानेवारी १९१३

विनी,

अक्षर आयडाचं आहे. मी खुर्चीत बसून सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. ती ऐकते तेवढंच लिहिते असं मात्र समजू नकोस.

गेल्या वसंतापासून माझा उजवा हात थरथरतो. आधी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवताना सांडायला लागले, मग पेन धरवेना. तुझ्या मेच्या पत्राला मी हाताने उत्तर लिहायला बसलो, तर ओळी उंदीर शाईत बुडून कागदावरून पळावा तशा आल्या. तू अक्षरं वाचणारी बाई. ते पाहून तुला सगळं कळलं असतं, म्हणून मशीनवर एकेका बोटाने ठोकलं. तेवढं ठोकायला दुपार गेली. त्या मशीनवर कुणालाही 'विनी' म्हणता येत नाही.

(सही टाइप केली कारण पेनने केलेल्या सहा सह्या चुलीत गेल्या. बाबा म्हणतात हे लिहू नकोस. लिहिलं. — आयडा)

तुझं जुलैचं पत्र सहा महिने कोटाच्या खिशात आहे. उत्तर देऊ नकोस म्हणालीस आणि मी ऐकलं. आयुष्यात तुझं नेमकं जे ऐकायला नको तेच मी ऐकत आलो.

(हे मी आधीच म्हणाले होते. — आ.)

आता कामाचं. नोव्हेंबरात आमच्या राज्यात बायकांना मताचा अधिकार मिळाला. तुमच्या आयोवात नाही. म्हणजे ही दुरुस्ती पक्की झाली तर पुढच्या वर्षी ऑरेगॉनमधली कुठलीही बाई सरळ उभी राहून सिनेटर निवडेल, आणि ज्या बाईने त्या मागणीतला 'विनंती' हा शब्द खोडला ती डे मॉइनला खिडकीतून घुमट बघत बसेल. हे मला पटत नाही. तू इथली रहिवासी झालीस तर कायद्याला काही हरकत नाही.

(बाबा आता खुर्चीतून उठायला निघाले आहेत. "पुढे?" विचारलं तर म्हणाले, "झालं, सही कर." मिस प्रेदर, बाबा कायद्याचं बोलत नाहीयेत. — आ.)

ऑरिन
(ही सही त्यांची. अकरावी.)


डे मॉइन
३१ जानेवारी १९१३

ऑरिन,

काल आयोवाने दुरुस्तीला मान्यता दिली. अंतिम प्रत मी लिहिली.

तुझी सही खिडकीपाशी नेऊन पाहिली. वाचता येते. मला येते एवढं पुरे.

तू विचारलेल्याचं उत्तर आज देत नाही. माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय हो म्हणणं म्हणजे खोट्या यादीवर परिषद भरवणं होईल. अधिवेशन संपू दे. मला धीर गोळा करू दे.

विनी


गाडीत, ग्रीन रिव्हर, वायोमिंग
२४ एप्रिल १९१३

ऑरिन,

दोन आठवड्यांपूर्वी छत्तिसाव्या राज्याचा होकार आला आणि दुरुस्ती घटनेत गेली. मी त्याच दिवशी कचेरीत राजीनामा दिला. मुख्य लेखनिक म्हणाला, "आता? काम फत्ते झाल्यावर?" मी म्हटलं, "हो, आता बोलावणं येण्याची वाट पाहायची नाही."

तुला न कळवता निघाले. आज सकाळी शायेन मागे पडलं. गाडी वीस मिनिटं थांबली तेव्हा खाली उतरले. वाऱ्याबद्दल तू म्हणालास ते खरं आहे. फलाटावर एक बाई कॉफी विकत होती, तिची घेतली आणि उभ्यानेच प्याले. दुसरं काहीच केलं नाही, पण तिथे उभं राहायचं होतं.

आता ती राहिलेली गोष्ट. बाबा गेले ते एकोणनव्वद सालच्या ऑक्टोबरात. मी तुला 'आता नाहीत' एवढंच लिहिलं, आणि ते अलीकडेच गेले असं तू समजलास. मी समजू दिलं. तू गेल्यानंतर तीन वर्षांत मी मोकळी झाले होते. तुझं लग्न झालं एक्याण्णवला, ते मला बेलफोर्डच्या टपालवाल्याने सांगितलं. मधली दीड-दोन वर्षं तुझा पत्ता माझ्या खणात होता. दोन सेंटांचं काम होतं, एक पाकीट लागलं असतं. रोज वाटायचं, त्याने परत विचारावं. एकदा विचारून गप्प बसलास म्हणून मी तुझ्यावर रुसले होते, आणि त्या रुसव्यात आपली सगळी वर्षं गेली. बाबांचं आंधळेपण हे माझं कारण होतं. ते कारण संपल्यावरही मी त्याच्या आड उभी राहिले. परिषदेच्या आडही तशीच उभी राहिले. कुणीतरी दोन-तृतीयांशांनी ठराव करावा आणि मला निघायला भाग पाडावं, असं मला वाटत होतं.

ते पाकीट तेव्हा गेलं असतं तर आयडा नसती झाली, म्हणून मी हे सगळं वाईट झालं असंही म्हणू शकत नाही. पण तुला कळायला हवं. तुला राग येईल. यावा. तो आल्यावर मग तू काय ते ठरव. मी आठवडाभर हॉटेलात राहीन, नंतरचं नंतर.

पोर्टलँडला गाडी बदलून मी परवा दुपारी डॉल्टन फेरीला उतरेन. हे वाचून तुला स्टेशनवर यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर मी समजेन.

(नंतर.) पाकीट बंद करून टपालाच्या डब्याशी गेले. आतला माणूस पत्ता वाचून हसला. म्हणाला, "बाईसाहेब, ही पिशवी याच गाडीतून जाणार. पत्र पोचेल तेव्हा तुम्हीही तिथेच असाल. टपालाला कशाला देता?"

मी पाकीट परत घेतलं आणि हे दोन शब्द घातले. आता पुन्हा चिकटवून त्याच्या हातात देते. परवा ते तुला मिळेलच. पण ते उघडण्याआधी मी तुझ्यासमोर उभी असेन, आणि सगळं मला तोंडाने सांगावं लागेल.

विनी